अंडं पडतं कुठं?

भाच्याचा डिचोलीहून फोन. "मामा, दोन आठवडे झाले, झेब्रांनी एक अंडं घातलं नाही."

"घातली असतील रे. खाल्ली असतील."

"मग मला दिसली कशी नाहीत?"

दिसणार कशी? झेब्रा डॅनिओ हा टाकीतला छोटा मासा, त्याचं अंडं जेमतेम 0.7 मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक. याच्या टाकीत खाली तीन बोटं निळी खडी. तिच्यात साबुदाणा पडला तरी शोधून सापडायचा नाही. वर आईबाप असे, की पोटातून सुटलेलं अंडं तळाला टेकायच्या आत गिळतात. त्यात दुष्टपणा काही नाही. झेब्रा अंडी राखत नाही, चिकटवत नाही, सोडून मोकळा होतो. ओढ्यात ती दगडगोट्यांच्या फटीत घरंगळतात आणि वाचतात.

म्हणजे खडी चांगलीच की! इथंच बहुतेकांची गफलत होते. ओढ्यातल्या खडीमधून पाणी खेळतं राहतं. टाकीतल्या खडीत ते कोंडतं, आणि अंड्यांच्या सोबतीला उरलेलं खाद्य आणि विष्ठाही त्याच फटीत जाऊन बसते. एखादं अंडं मेलं की त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या अंड्यांवर पसरते. शिवाय आपली हवा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात आपल्या घरातली टाकी सहज तिशीला पोचते. त्या उष्णतेत कुजणं वाढतं, आणि कुजणं म्हणजे आणखी प्राणवायू संपणं.

म्हणून भाच्याला सांगितलं, खडी काढ आणि गोट्या घाल. पोरं खेळतात त्याच, काचेच्या, स्वच्छ धुऊन, दोन थर. अंडी मधून खाली जातात, माशांचं तोंड पोचत नाही. सकाळी उजाडल्यावर वीण झाली की आधी मोठे मासे दुसरीकडे हलवायचे, मग गोट्या एकेक करून अलगद उचलायच्या. खाली उरते कोरी काच आणि अंडी. प्रयोगशाळांतही हीच युक्ती, फक्त गोट्यांच्या जागी जाळीच्या तळाचा डबा. तिथं पाणी 28.5 अंशांवर ठेवतात. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हीटर न लावता पाणी त्याच्या जवळपास असतं. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर.

कोरा तळ कामाला येतो तो त्यानंतर. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा भरवावं लागतं. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पोरं घातली तर ती खाऱ्या पाण्यातली, गोड्यात काही तासांत मरून तळाला बसतात. काच मोकळी असेल तर हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन पाच मिनिटांत ती घाण सायफनने ओढता येते. रेतीत हे जमत नाही. रेतीबरोबर पिल्लंही ओढली जातात.

"पण दुकानदार म्हणतो, रेतीत चांगले जिवाणू असतात."

असतात ना. घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू रेतीला चिकटून राहतात. पण त्यांना रेतीच हवी असा हट्ट नाही, चिकटायला पृष्ठभाग मिळाला की झालं. जुन्या टाकीत दोन महिने चाललेला स्पंज फिल्टर आणून लावला की ते आयते येतात. तो नळाखाली मात्र धुऊ नये, क्लोरीननं सगळे मरतील. टाकीच्याच पाण्यात पिळावा. अंड्यांना बुरशी नको म्हणून मिथिलीन ब्लू हे निळं औषध टाकत असाल तर त्यानंही हे जिवाणू दुखावतात.

मग त्यानं मिरामारच्या किनाऱ्याची रेंव, म्हणजे रेती, आणू का, असं विचारलं. एक तर किनाऱ्यावरची रेती उचलू नये. दुसरं, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले की चुना आहे. तो हळूहळू पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की आहे त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मोठा मासा कदाचित सोसेल, दोन दिवसांचं पिल्लू नाही.

एवढं ऐकून कोणी सगळ्याच टाक्यांतली रेती उपसायला निघेल, म्हणून काळुंदराचं सांगतो. खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट पाण्यातला, हा आपला मासा. केरळचा करीमीन तो हाच, 2010 पासून तिथला राज्यमासा. नर-मादी मिळून बुडालेलं लाकूड किंवा दगड तोंडानं घासून साफ करतात, त्यावर अंडी चिकटवतात, पंखांनी वारा घालत राखण करतात. पिल्लं फुटली की तोंडात धरून तळाच्या मातीत केलेल्या खड्ड्यांत नेऊन ठेवतात. खालची माती त्यांच्यासाठी पाळणाच आहे. काळुंदर घरच्या टाकीला फार मोठा होतो, पण त्याचा धाकटा भाऊबंद नारिंगी क्रोमाइड चालतो, आणि तोही खड्डे खणतो. त्याला कोरी काच देणं बरं नाही. तरी अख्खा तळ भरायची गरज नाही, एका पसरट थाळीत बारीक धुतलेली नदीची रेती ठेवली तरी भागतं.

एंजलफिशचं काम याहून सोपं. तिला उभा, गुळगुळीत पृष्ठभाग हवा, तळाशी देणंघेणं नाही. डिचोलीत कुंभारकाम चालतं, फुटक्या मडक्याचं खापर तिरकं टेकवून ठेवलं तरी ती त्यावर अंडी घालते. फायटर माशाचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो. खाली पडलेलं प्रत्येक अंडं तोंडानं उचलून वर नेऊन ठेवतो, तेव्हा खडीत हरवलेलं अंडं म्हणजे त्याच्यासाठी गेलंच. आफ्रिकेतले काही किलीफिश तर अंडी मातीत पुरतात, डबकं आटलं तरी ती महिनोन्महिने टिकतात. पाळणारे त्यांना पीट, म्हणजे दलदलीतला कुजका पालाभुसा, देतात, कोणी उकळून घेतलेला काथ्याचा भुसा.

कोऱ्या काचेचा एक त्रास खरा आहे: खालून प्रकाश परावर्तित होतो आणि मासे बिचकतात. टाकीखाली काळा कागद घातला की प्रश्न मिटतो.

चार दिवसांनी भाच्यानं फोटो पाठवला. काचेला स्वल्पविरामासारखी चिकटलेली, डोळे तेवढे काळे, शंभरएक तरी असतील. खाली लिहिलं होतं: "मामा, शेजारचा पोरगा गोट्या परत मागतोय."