पार्श्वभूमी : स्मृतिभ्रंश झालेल्याच्या वतीने सही कोणाची?

अल्झायमरचे निदान झाले की घरात पहिली चर्चा औषधांची होते, दुसरी २४ तासांच्या बाईची. सहीचा विषय निघतो तो वर्ष-दोन वर्षांनी, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो तेव्हा किंवा इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा. फ्लॅट आईच्या नावावर, मुदत ठेव आईच्या नावावर, आणि आई सही करताना माहेरचे आडनाव लिहिते. दुय्यम निबंधकाकडे नेऊन अंगठा आणि फोटो देऊन टाकू, असे कोणीतरी सुचवतेच. पण करार करणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे, ही अट १८७२ च्या करार कायद्यातच आहे. उद्या एखाद्या भावंडाने हरकत घेतली तर तो अंगठा पुसायला वेळ लागत नाही.

आजाराचा वैद्यकीय इतिहास येथे थोडक्यात पुरे. १९०६ मध्ये एका जर्मन डॉक्टराने पन्नाशीतल्या एका स्त्रीच्या मेंदूतले बदल मांडले आणि १९१० मध्ये आजाराला त्याचे नाव मिळाले. त्यानंतर कित्येक दशके हे निदान पासष्टीच्या आतल्यांपुरतेच राहिले. त्यापुढचे विसरणे वयाच्या खात्यात जमा होई. हे दोन वेगळे आजार नाहीत, असे १९७६ मध्ये एका अमेरिकी लेखाने ठासून सांगितले आणि एका दुर्मिळ आजाराचे रुग्ण एकदम लाखांवर गेले. ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ हे आपल्याकडचे उत्तर त्यानंतरही बरेच टिकले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे.

कायद्याने मात्र अशा माणसाच्या मालमत्तेकडे फार आधी लक्ष दिले होते. १८५८ मध्ये वेडसर ठरवलेल्या माणसांविषयी तीन कायदे आले. त्यांतला एकच इस्पितळांचा. उरलेले दोन इस्टेटीचे होते, एक इलाख्यांच्या राजधानीतल्या न्यायालयांसाठी आणि एक जिल्हा न्यायालयांसाठी. सरकारला माणसापेक्षा त्याच्या जमिनीची काळजी जास्त होती, असे म्हणायला जागा आहे. १९१२ च्या कायद्याने हे सगळे एकत्र केले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जुने अपमानास्पद शब्द काढले, पण मालमत्तेचे प्रकरण राहू दिले. नातेवाइकाने जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालयाने चौकशी करायची, मग माणसासाठी पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायचा. व्यवस्थापकाने मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. घर विकायचे तर पुन्हा न्यायालयाची परवानगी. वेळखाऊ होते, पण रस्ता होता आणि तो जिल्ह्याच्या गावीच होता. अशा पालकाचा आदेश ग्राह्य धरावा, असे २००७ मध्ये बँकांनाही कळवले गेले होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे प्रकरणच गाळले. दुरुस्त केले नाही, दुसऱ्या कायद्यात हलवलेही नाही.

यामागचा विचार चुकीचा नव्हता. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला होता. कायद्यासमोर प्रत्येकाची निर्णयक्षमता समान मानावी, दुसऱ्याने परस्पर निर्णय घेण्याऐवजी त्या व्यक्तीला निर्णयासाठी आधार द्यावा, हे त्याचे मुख्य सूत्र. पालकत्वाच्या जुन्या तरतुदींचा गैरवापरही होत होता. नको असलेल्या बायकोला किंवा भावाला ‘वेडा’ ठरवून जमीन लाटल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. तेव्हा ज्यांना पूर्वी डांबून ठेवले गेले त्यांच्या बाजूने पाहिले, तर हा बदल स्वागतार्हच होता.

मात्र मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो रुग्ण होता, तो उपचाराने बरा होणारा, निदान मधूनमधून सावरणारा. अल्झायमरचा रुग्ण सावरत नाही. नव्या कायद्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येत ‘स्मरणशक्ती’ आणि ‘भान’ यांचा उल्लेख आहे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा माणूस त्यात बसतो. पुढे कोणते उपचार हवेत वा नकोत याचे आगाऊ निर्देश त्याला देता येतात, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. पण हा प्रतिनिधी उपचारांपुरताच. मुदत ठेव मोडायची म्हटली की त्याचे पत्र कामाचे नाही. आणखी गंमत अशी, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाला विकल मनाचा, म्हणजे निर्णयास असमर्थ, मानू नये, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असेल तरच मानावे, असे हाच कायदा बजावतो. न्यायालयाने ते जाहीर कसे करायचे, याची पद्धत मात्र वगळलेल्या प्रकरणाबरोबर गेली.

इतर कायद्यांत शोधले तरी हाती फारसे लागत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हा पातळीवरच्या समितीकडून पालक नेमून मिळतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मोजले. त्यात पार्किन्सनचे नाव आहे, अल्झायमरचे नाही. त्यातली ‘मर्यादित पालकत्वा’ची तरतूद विशिष्ट निर्णयासाठी, विशिष्ट मुदतीसाठी आणि परस्पर समजुतीवर आधारलेली आहे. संपूर्ण आधाराची वाट ठेवलेली आहे खरी. पण ज्या बाईंना समोरचा मुलगा कोण हेच उमगत नाही, त्यांच्याशी परस्पर समजूत करायची कशी, हे सांगणारे कोणी भेटत नाही.

राहिले उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, स्वतःचे हित पाहू न शकणाऱ्याचे पालक या नात्याने, न्यायालये आदेश देऊ लागली. सुरुवातीची गाजलेली प्रकरणे कोमातल्या रुग्णांची होती. केरळमध्ये २०१९ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, २०२० मध्ये दिल्ली आणि मुंबईत त्याच धाटणीचे निर्णय झाले. स्मृतिभ्रंशाची कुटुंबे आता त्याच वाटेने जातात. वैद्यकीय मंडळाची तपासणी, मालमत्तेची यादी, सगळ्या भावंडांची संमतीपत्रे लागतात. अमेरिकेतल्या बहिणीचे संमतीपत्र नोटरी होऊन येईपर्यंत महिने जातात, आणि वकिलाची फी वेगळीच. ज्याच्या बापाच्या नावावर दोन खोल्या आणि पोस्टातली थोडी ठेव आहे, तो या वाटेला जाईल असे वाटत नाही. तो एटीएमचा पिन वापरत राहतो.

कुलमुखत्यारपत्राबद्दल येथे सांगायलाच हवे, कारण ओळखीतला प्रत्येक जण तेच सुचवतो. लिहून देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपते. तेही १८७२ च्याच कायद्यात, कलम २०१. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवले, नेमके त्या दिवशी ते निरुपयोगी. इंग्लंडने १९८५ मध्येच, क्षमता गेल्यावरही टिकणारे अधिकारपत्र आणले. २००५ च्या कायद्याने ते उपचार आणि देखभालीच्या निर्णयांपर्यंत वाढवले. भारतात अशी तरतूद नाही. निदान लवकर झाले असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे संयुक्त खाते आणि खाजगी न्यास (ट्रस्ट) यांवर वकील भागवतात.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) बसू लागल्याने सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कुटुंबांना या अर्जासाठी मुंबई गाठावी लागत नाही. जिल्हा न्यायालयातली १९८७ ची सोय परत आणायची तर त्यासाठी कायदाच करावा लागेल.