प्रिंट केलेली ओळ जाते कुठे?

लातूरच्या बाजारात सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्याला ओलाव्याचे प्रमाण मोबाइलवर नोंदवता यावे, असे ॲप तेथीलच काही तरुणांनी तयार केले आहे, अशी कल्पना करू. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के असल्याने ॲप नीट चालते का हे तपासणाऱ्या त्यांच्या चाचण्यांचा भरही याच आकड्यावर असणार. संगणकावर सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. मराठी भाषा निवडलेल्या अँड्रॉइड फोनवर मात्र एक चाचणी अडते. कारण शोधण्यासाठी कोडमध्ये प्रिंटची ओळ, म्हणजे मजकूर छापण्याची आज्ञा, घातली जाते, पण चाचणीच्या निकालाशेजारी ती कुठेच उमटत नाही.

ती ओळ हरवलेली नसते. ती कुठे शोधायची, हे कोड कोणत्या यंत्रावर चालला यावर ठरते आणि नवशिक्यांना नेमके हेच आधी शिकवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. अँड्रॉइडच्या काही चाचण्या संगणकावरच, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आभासी यंत्रात चालतात. त्यांतील प्रिंटचा मजकूर चाचणीच्या अहवालात जातो. तो टर्मिनलवरही (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतही) हवा असेल, तर ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या चाचणी-लॉगिंगमध्ये स्टँडर्ड स्ट्रीम (छापलेला मजकूर) दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. अशा चाचणीत अँड्रॉइडचा स्वतःचा लॉग वर्ग (नोंदी लिहिणारा क्लास) वापरला, तर बहुधा ‘मॉक केलेले नाही’, म्हणजे नकली पर्याय दिलेला नाही, अशी त्रुटी येते, कारण संगणकावर त्या वर्गाचा केवळ सांगाडा असतो.

दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या प्रत्यक्ष फोनवर किंवा एम्युलेटरवर (संगणकातील आभासी फोनवर) चालतात. तेथे प्रिंट केलेला मजकूर फोनमधील लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘सिस्टिम डॉट आउट’ या टॅगखाली (नावाच्या खुणेखाली) जमा होतो आणि तो लॉगकॅट या साधनाने संगणकावर वाचता येतो. प्रत्येक नोंदीसोबत वेळ, प्रक्रियेचा क्रमांक, टॅग आणि तीव्रतेची पातळी असते; व्हर्बोज, डीबग, इन्फो, वॉर्न आणि एरर या त्यांतील नेहमीच्या पातळ्या. फोनवरील इतर ॲप्स व खुद्द प्रणालीही तेथेच सतत लिहीत असल्यामुळे टॅगने गाळणी लावल्याशिवाय आपली ओळ सापडणे कठीण होते. शिवाय लॉगची जागा मर्यादित असून ती रहाटगाडग्याप्रमाणे फिरत भरते, म्हणजे नव्या नोंदी जुन्या नोंदी पुसत जातात. म्हणून दीर्घ चाचणीचा लॉग ती चालू असतानाच फाइलमध्ये साठवावा. त्या फाइलमध्ये शेतकऱ्याचा आधार किंवा बँक खाते क्रमांक कधीही छापला जाऊ नये. आयफोनच्या पडदा-चाचण्यांतही ॲप आणि चाचणी वेगवेगळ्या प्रक्रियांत चालतात, त्यामुळे ॲपने छापलेला मजकूर चाचणीच्या मजकुरात मिळेलच असे नाही.

आपल्या उदाहरणात लॉगकॅट उघडताच उलगडा होतो. संख्येला मजकुराचे रूप देणारे फंक्शन भाषा स्वतंत्रपणे सांगितली नसेल, तर फोनची भाषा धरते. मराठी फोनवर ते देवनागरीत ‘१२.०’ लिहिते. हाच मजकूर पुन्हा दशांश संख्येत बदलताना जावाचे फंक्शन केवळ इंग्रजी आकडे स्वीकारते आणि त्रुटी देते. संगणकाची भाषा इंग्रजी असल्याने तेथे हा दोष दिसणे शक्यच नव्हते. त्यामुळे साठवणीसाठी आणि गणितासाठी लागणाऱ्या मजकुराला भाषानिरपेक्ष लोकॅल (भाषा-प्रदेशाची निवड) स्पष्टपणे द्यावे, पडद्यावर मात्र शेतकऱ्याला देवनागरी आकडेच दिसू द्यावेत, आणि मराठी भाषेचा एक एम्युलेटर चाचण्यांच्या नेहमीच्या फेरीत कायमचा ठेवावा.