किशोरवयीनांसाठी शालेय पोषण आहार (पुणे जिल्हा)

आठवीपर्यंतच्या वर्गांना शाळेत मिळणारे शिजवलेले जेवण नववी-दहावीच्या, म्हणजे साधारण १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींनाही द्यावे, असा हा प्रस्ताव. कुपोषण आणि रक्तक्षय रोखणे हा त्यामागचा हेतू.

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, २००८-०९ मध्ये देशभर आठवीपर्यंत पोहोचली आणि २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालते. त्यापुढच्या वर्गांसाठी केंद्राचे धान्य नाही. खर्च राज्यालाच उचलावा लागतो. तमिळनाडू आणि कर्नाटक तो उचलून दहावीपर्यंत जेवण देतात.

जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक विद्यालयांत आठवी-नववीमधली ही रेघ एकाच व्हरांड्यातून जाते. आठवीची मुले ताटे घेऊन पंगतीला बसतात. शेजारच्या नववीने डबा आणला असेल तर खायचा. लांबच्या वाडीवरून सकाळच्या एसटीने निघालेली मुलगी अनेकदा चहा-बिस्किटावरच आलेली असते. ताट नेमके चुकीच्या वयात काढून घेतले जाते. १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज सुमारे २,४०० कॅलरी आणि ३० मिलिग्रॅम लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आहेत. म्हणून ही योजना फक्त मुलींपुरती ठेवणे योग्य नाही.

सहावी ते आठवीचे प्रमाण माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असे आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत. नववी-दहावीसाठी तेच किमान धरून कडधान्य ४० ग्रॅम करावे आणि ३० ग्रॅम शेंगदाणा-गुळाची चिक्की जोडावी. म्हणजे दिवसाच्या कॅलरींच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा भरतो. १०० मुलांना १५ किलो तांदूळ, ४ किलो मटकी, साडेसात किलो भाजी आणि ७५० ग्रॅम तेल लागते. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावी, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. पुण्याच्या थंडीत मोड उशिरा येतात, तेव्हा एक दिवस आधीच सुरुवात करावी. लिंबू उसळ उतरवल्यावर, पानात वाढताना पिळावे: उकळीत क जीवनसत्त्व नासते, आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला तेच हवे असते. जेवणाला लागून चहा मात्र नको.

तांदूळ निवडताना एक चूक सर्रास होते. पोषणयुक्त तांदळात शंभर साध्या दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घालून बनवलेला असतो. तो रंगाने किंचित वेगळा दिसतो, म्हणून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ समजून वेचून टाकला जातो. पालकांना हे दाणे हातावर घेऊन दाखवले की शंका फिटते.

दुसरी अडचण निळ्या गोळीची. १० ते १९ वयोगटाला आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. उपाशीपोटी ती घेतल्यावर मळमळते, एखादी मुलगी वर्गात ओकते, आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी मुठीत लपवतो. आठवीत ती जेवणानंतर देता येते. नववीत जेवणच नसते. किशोरांना ताट देण्याचे हे सर्वांत रोकडे कारण आहे.

शहरात दोन पाळ्यांच्या शाळा बऱ्याच आहेत. सकाळच्या पाळीला जेवण साडेनऊ-दहाच्या सुट्टीतच हवे. शाळा सुटताना आले तर मुले थांबत नाहीत. अनेक शाळांसाठी एकाच ठिकाणी रांधणाऱ्या केंद्रीय स्वयंपाकगृहातून येणारा भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यात जिवाणूंचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून डबे वाफाळतेच भरावेत, वाटपाआधी शिक्षकाने चव घ्यावी.

या वयाची मुले लाजतातही. ‘गरिबांचे जेवण’ म्हणून मागच्या बाकावरचे उठत नाहीत. वाढपी मुलांमधूनच नेमले, शिक्षक त्याच पंगतीत बसले आणि दुसऱ्यांदा वाढताना हात आखडला नाही, तर पंगत भरते.