एकच सीमा, तीन धमक्या

इराक आणि कुवेत यांच्यातल्या वाळवंटी सीमेवर तेहतीस वर्षांत तीनदा मोठं संकट उभं राहिलं: १९६१, १९९० आणि १९९४. तिन्ही वेळा धोका बगदादकडून होता. तिन्ही वेळा बाहेरच्या मोठ्या सत्तांना त्याची आधी कुणकुण लागली आणि त्यांनी आपापल्या परीनं काहीतरी केलं. हल्ला मात्र एकदाच झाला. युद्धांचा अभ्यास करणाऱ्यांना प्रयोगशाळा नसते. म्हणून प्रदेश तोच, दावेदार तोच आणि फक्त बाहेरच्यांचं वागणं वेगळं, अशी उदाहरणं त्यांना फार मोलाची वाटतात.

पहिली वेळ. १९ जून १९६१ रोजी कुवेत ब्रिटिशांच्या संरक्षणातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. (आदल्या मार्चपर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी छापलेला रुपया चालत होता.) सहाच दिवसांनी इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी जाहीर केलं, की कुवेत हा इराकचाच भाग आहे. महिनाअखेरीस कुवेतच्या अमीरांनी ब्रिटनकडे मदत मागितली आणि १ जुलैला ब्रिटिश सैनिक उतरलेसुद्धा. ‘बल्वर्क’ ही युद्धनौका कमांडो घेऊन जवळच्याच समुद्रात होती, रणगाडे बहारीनजवळ जहाजावर चढवून ठेवलेले होते. धुळीच्या वादळात आणि भर उन्हाळ्यात हजारो सैनिक वाळवंटात जाऊन बसले. कित्येकजण उष्म्यानंच आडवे झाले. गोळी मात्र झाडावी लागली नाही. ऑक्टोबरपर्यंत त्यांची जागा अरब लीगच्या सैन्यानं घेतली आणि ब्रिटिश निघून गेले.

हे का जमलं असावं? धमकी देणाऱ्याला ती फुकट पडत असेल, तर ती कोणीही देईल, आणि समोरच्यालाही ते कळतं. म्हणून शब्दांपेक्षा खर्चाला वजन येतं. जीवशास्त्रात इस्रायलचे अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये असाच विचार मांडला: मोराचा अवजड पिसारा मोराला अडचणीचाच असतो, आणि म्हणूनच तो दमदारपणाचा भरवशाचा पुरावा ठरतो. अशक्त मोराला तो परवडणारच नाही. राज्यशास्त्रात जेम्स फियरन यांनी १९९७ मध्ये या महागड्या इशाऱ्यांचे दोन प्रकार केले. एकात खर्च आत्ताच होतो: सैन्य हलवणं, जहाजं पाठवणं. दुसऱ्यात नेता स्वतःचे परतीचे दोर कापून घेतो. जाहीर शब्द देतो, तह करतो, म्हणजे पुढे कच खाल्ली तर त्याची स्वतःच्याच देशात नाचक्की व्हावी. कुवेतमध्ये ब्रिटननं दोन्ही केलं. स्वातंत्र्याच्याच दिवशी मदतीचा लेखी शब्द दिला होता आणि तो पाळण्याची साधनं हाताशी ठेवली होती.

आता १९९०. इराणशी आठ वर्षं लढून सद्दाम हुसेन यांचा इराक कर्जात बुडाला होता. त्यातलं बरंच देणं कुवेतचं होतं. कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतो आहे आणि सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातलं आमचं तेल चोरतो आहे, असा सद्दाम यांचा आरोप होता. जुलैच्या मध्यापासून रिपब्लिकन गार्ड या सद्दाम यांच्या निवडक सैन्याच्या तुकड्या दक्षिणेकडे सरकू लागल्या. उपग्रहांतून ते स्पष्ट दिसत होतं आणि सीआयएचे चार्ल्स ॲलन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी हल्ल्याआधीच इशारे दिले होते. म्हणजे माहिती कमी पडली, असं म्हणायला जागा नाही.

२५ जुलैला अमेरिकेच्या राजदूत एप्रिल ग्लास्पी सद्दाम यांना भेटल्या. इराकनं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, अरबांच्या आपसातल्या सीमावादात अमेरिकेचं काही मत नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या एका वाक्यावर सगळं खापर फोडलं जातं. मला ते पटत नाही. त्याच सुमारास वॉशिंग्टनमधल्या अधिकृत प्रवक्त्या पत्रकारांना सांगत होत्या, की कुवेतशी आमचा कुठलाही संरक्षण करार नाही. अध्यक्ष बुश यांनी २८ जुलैला सद्दाम यांना पाठवलेला निरोप मैत्रीच्या सुरातला होता. ३१ जुलैला परराष्ट्र खात्याचे जॉन केली यांनी संसदेच्या समितीपुढे कराराबाबत पुन्हा तेच सांगितलं. एक राजदूत काय बोलली, याला महत्त्व येतं ते बाकी सगळीकडे शांतता असताना. वाळवंटात अमेरिकेचं काहीच उभं नव्हतं, आणि सद्दाम यांना ते दिसत होतं.

पण दोष एकट्या वॉशिंग्टनचा नव्हता. धोका असलेल्या देशालाच मदत उघडपणे नको होती. अमेरिकेला बोलावलं तर सद्दाम आणखी बिथरतील आणि अरब जगात छी-थू होईल, अशी कुवेतची भीती होती. इजिप्तचे होस्नी मुबारक आणि इतर अरब नेते अमेरिकेला सांगत होते, की सद्दाम फक्त दबाव टाकताहेत, तुम्ही गप्प राहा. संयुक्त अरब अमिरातीनं तेवढा एक छोटा संयुक्त सराव मागून घेतला. दोन इंधनवाहू विमानं आली, त्याची बातमी फुटली, आणि मग अमिरातीही अवघडली. फियरन यांच्या गणितानुसार नेत्यानं एक तर पूर्ण बांधून घ्यावं, नाहीतर काहीच करू नये. अर्धवट इशारा सगळ्यांत वाईट. प्रत्यक्षात मात्र नेते अर्धवट इशाराच देतात, कारण त्यांना दोन्ही टोकांची भीती वाटते: भडका उडण्याची आणि आपण त्यात ओढले जाण्याची.

२ ऑगस्टच्या पहाटे रणगाडे घुसले. कुवेतची राजधानी काही तासांत पडली.

त्यानंतर बाहेरच्या जगानं जे केलं, ते आधी करायला हवं होतं त्याच्या कितीतरी पट होतं. सुरक्षा परिषदेनं त्याच दिवशी माघारीचा ठराव केला, ६ ऑगस्टला सर्वंकष आर्थिक निर्बंध आले आणि काही दिवसांतच अमेरिकी सैन्य सौदी अरेबियात उतरू लागलं. जानेवारीपर्यंत एकट्या अमेरिकेचे पाच लाखांवर सैनिक तिथे होते. तरीही सद्दाम हलले नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी हा फरक दाखवून दिला होता. एखाद्याला पाऊल टाकण्यापासून रोखणं तुलनेनं सोपं, टाकलेलं पाऊल मागे घ्यायला लावणं फार अवघड. न टाकलेलं पाऊल ‘माझा तसा विचारच नव्हता’ म्हणून झाकता येतं. घेतलेला मुलूख सोडताना साऱ्या जगापुढे मान खाली घालावी लागते.

किंमत मोजणाऱ्यांत आपणही होतो. कुवेत आणि इराकमध्ये अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९० मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानानं मुंबईत आणावं लागलं. तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला आणि आधीच नाजूक असलेली आपली परकीय गंगाजळी १९९१ च्या संकटात सापडली. ज्या देशांना हल्ला रोखता येत नाही त्यांचाही हिशोब यात धरायला हवा. बहुतेक सैद्धांतिक मांडण्यांत तो नसतो.

तिसरी वेळ आली ती ऑक्टोबर १९९४ मध्ये. निर्बंधांनी गांजलेल्या इराकनं रिपब्लिकन गार्डच्या तुकड्या पुन्हा कुवेतच्या दिशेनं हलवल्या. या वेळी एका अमेरिकी ब्रिगेडला पुरेल इतकी रणगाड्यांसकट सामग्री कुवेतमध्येच ठेवलेली होती. सैनिकांनी फक्त विमानानं यायचं आणि वाहनं ताब्यात घ्यायची. काही दिवसांतच इराकनं माघार जाहीर केली. १५ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेनं ९४९ क्रमांकाचा ठराव एकमतानं करून दक्षिणेत पुन्हा तसं सैन्य आणायला मनाई केली आणि नोव्हेंबरमध्ये इराकनं कुवेतची सीमा मान्य केली.

इथवर गोष्ट फारच सरळ वाटते, म्हणून थोडी शंका घेऊ. १९६१ मध्ये कासिम खरोखर हल्ला करणार होते का? सीमेकडे मोठं सैन्य निघाल्याचा भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. कदाचित ब्रिटननं न येणारा हल्ला थोपवला. या क्षेत्रातली सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे: वचक यशस्वी झाला, तर काहीच घडत नाही, आणि काही न घडण्याला हजार कारणं असू शकतात. १९८४ मध्ये पॉल ह्यूथ आणि ब्रूस रसेट या राज्यशास्त्रज्ञांनी १९०० ते १९८० मधली अशी ५४ प्रकरणं तपासली. संरक्षक देशाकडे अण्वस्त्रं असणं किंवा कागदावरचा मैत्रीकरार असणं यानं फारसा फरक पडत नाही, तर जागेवरचं लष्करी बळ आणि संरक्षक व संरक्षित देशांतले जिवंत आर्थिक-राजकीय संबंध जास्त कामी येतात, असं त्यांना आढळलं. पुढे रिचर्ड नेड लेबो आणि जॅनिस ग्रॉस स्टाइन यांनी तीच यादी उलगडून पाहिली आणि म्हटलं, की यांतल्या बहुतेक प्रकरणांत कुणी हल्ला करायला निघालं होतं हेच सिद्ध होत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. संख्याशास्त्राची धार कितीही लावली, तरी हुकूमशहाच्या मनात त्या आठवड्यात काय होतं हे आकड्यांत येत नाही.

थोडेसे सैनिक नेऊन ठेवले की पुरे, या समजुतीबाबतही सावध राहावं. शीतयुद्धात पश्चिम बर्लिनमधली छोटी फौज शहर राखू शकली नसती. पण तिच्यावर हल्ला झाला असता तर अमेरिकेला युद्धात उतरावंच लागलं असतं, असा शेलिंग यांचा युक्तिवाद होता. २०२१ मध्ये डॅन रायटर आणि पॉल पोस्ट यांनी त्याला आव्हान दिलं. त्यांच्या मते थोड्या सैनिकांच्या मृत्यूमुळे देश आपोआप युद्धात उतरत नाही, आणि झटपट मुलूख बळकावू पाहणाऱ्याला थांबवायला जागेवर खरंच लढू शकेल इतकं बळ लागतं. १९९४ चं उदाहरण त्यांच्या बाजूनं बोलतं.

युक्रेनच्या वेळी वेगळाच प्रयोग झाला. २०२१ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेनं रशियाच्या तयारीची गुप्त माहिती एरवी कधी होत नाही इतकी उघड केली आणि जबर निर्बंधांचा इशारा दिला. पण ८ डिसेंबरला बायडेन यांनी हेही सांगितलं, की एकतर्फी सैन्य पाठवण्याचा विचार नाही. अण्वस्त्रधारी देशाशी थेट भिडायचं नव्हतं, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. मात्र त्यामुळे शिल्लक राहिली ती फक्त शिक्षेची धमकी, आणि ती शिक्षा पुतिन यांना परवडण्यासारखी वाटली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी हल्ला झालाच. माहिती उघड केल्याचा फायदा वेगळ्या ठिकाणी दिसला: रशियाला आपला कांगावा जगाच्या गळी उतरवणं अवघड गेलं, आणि युरोपीय देश एरवीपेक्षा फार लवकर एकत्र आले.

धमकीला दुसरी बाजूही लागते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. ‘पाऊल टाकलंस तर मार खाशील’ हे वाक्य ‘नाही टाकलंस तर हात लावणार नाही’ या भरवशाशिवाय लुळं पडतं. मार असाही मिळणारच असेल, तर थांबायचं कशाला? १९६१ मध्ये ब्रिटिश सैन्य तीन-चार महिन्यांत निघून गेलं आणि पहारा अरबांच्याच हाती आला, तेव्हा बगदादला हा भरवसा आपोआप मिळाला. १९९४ नंतर मात्र अमेरिकी सैन्य आखातात राहिलं, निर्बंधही राहिले, आणि सीमा मान्य करूनही इराकच्या हाती जवळपास काही लागलं नाही. तशी कुवेतला मान्यता इराकनं एकदा १९६३ मध्येही दिली होती.