आधी रक्त कोणाचं तपासायचं?

शौचातून रक्त गेलं की कोल्हापुरात खापर मूळव्याधीवर, नाहीतर तांबड्या रश्श्यावर फुटतं. मूळव्याध पुष्कळदा असतेही. पण रक्त जाणारा माणूस विशी-तिशीतला असेल आणि वडील किंवा आत्या आतड्याच्या कॅन्सरने ऐन चाळिशीत गेलेली असेल, तर मलमावर दिवस काढू नयेत. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, करून घ्यावी.

एफएपी (फॅमिलियल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस) या आनुवंशिक आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर शेकडो, कधी हजारो पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, उगवतात. मूळ बिघाड एपीसी जनुकात. ते 1991 मध्ये सापडलं. पॉलिप शाळकरी वयातच येऊ लागतात, त्रास मात्र काही नसतो. उपचार झाले नाहीत तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. दोन-चार पॉलिप दुर्बिणीतूनच कापता येतात. हजार कोण कापणार? मग मोठं आतडंच काढावं लागतं.

आई किंवा वडिलांना एफएपी असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, हा बिघाड मिळण्याची शक्यता 50 टक्के. घराण्यात कुणालाच नव्हतं, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये: 20 ते 30 टक्के रुग्णांत बिघाड नव्यानेच झालेला असतो. एमयूटीवायएच या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडानेही पॉलिप येतात, पण त्याचा प्रकार वेगळा. त्यात आई-वडील दोघंही वाहक (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली) आणि ठणठणीत, तरी प्रत्येक मुलाला धोका 25 टक्के. मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत असलेल्या घरांत असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांनी न विचारताही हे नातं सांगावं.

जनुकाच्या तपासणीला जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं रक्त पुरतं. घोळ होतो तो क्रमात. काळजीपोटी निरोगी मुलाचं रक्त आधी पाठवलं जातं, रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि घर सुटकेचा श्वास सोडतं. घरातल्या रुग्णाच्या जनुकातला नेमका बदलच माहीत नसेल, तर त्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. आधी पॉलिप असलेल्याची तपासणी. जनुकाचा मोठा तुकडा गळालाय का, हेही त्यात पाहतात ना, ते लॅबला विचारावं. बदल सापडला की नातेवाइकांत तेवढीच जागा तपासायची, खर्चही कमी. रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असेल, तर त्यावरून कुणाचं आतडं काढू नये आणि कुणाची दुर्बीण तपासणी थांबवूही नये.

एपीसीतला बदल असलेल्या मुलांची दुर्बीण तपासणी साधारण 10 ते 14 व्या वर्षी सुरू होते, पुढे दर एक-दोन वर्षांनी. तपासणीआधी बीट, कोकम, पेरू बंद: लाल रंग रक्तासारखा दिसतो, बिया दुर्बिणीत अडकतात. मोठं आतडं काढल्यावरही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पॉलिप येतात. तिथे पित्तनळीचं तोंड नीट दिसायला बाजूने पाहणारी दुर्बीण लागते. साध्या एंडोस्कोपीत ते सहज निसटतं.