आधारचे छायाचित्र तपासणे आणि आधारचा क्यूआर पडताळणे

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरले की आपण ‘कार्ड स्कॅन झाले’ एवढेच म्हणतो. पण या एका शब्दात दोन निराळ्या तपासण्या कोंबलेल्या असतात. पहिलीत कार्डाच्या छायाचित्राचे विश्लेषण करून ते अस्सल कार्डासारखे दिसते का, हे संगणक पाहतो. दुसरीत क्यूआर कोडमधल्या माहितीवर भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची डिजिटल सही आहे का, हे गणिताने ठरते.

छायाचित्राच्या तपासणीत मजकुराचा टंक, अक्षरांमधले अंतर, फोटोची चौकट आणि बोधचिन्हाची जागा ठाऊक असलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते. जेपीईजी चित्राच्या एखाद्या तुकड्यावर संकुचनाच्या (फाइल लहान करताना उमटणाऱ्या) खुणा उरलेल्या चित्राहून वेगळ्या आढळल्या, तर तेथे काही चिकटवले असल्याचा संशय घेतला जातो. दुसऱ्या पडद्यावरच्या कार्डाचा फोटो काढला असेल, तर उमटणाऱ्या नागमोडी नक्षीवरून तेही ओळखू येते. 2020 साली आलेल्या पीव्हीसी कार्डावर होलोग्राम, गिलोश नक्षी (एकमेकांत गुंफलेल्या बारीक रेषांची) आणि सूक्ष्म अक्षरे आहेत खरी, परंतु स्थिर फोटोत होलोग्राम म्हणजे निव्वळ रंगीत डाग असतो. तो पारखायचा तर कार्ड हलवत व्हिडिओ घ्यावा लागतो.

येथे एक घोटाळा हमखास होतो. चित्रात फेरफार झालेला नसणे म्हणजे कार्ड खरे असणे नव्हे. बनावट कार्ड नीट छापून त्याचा स्वच्छ फोटो काढला, तर त्या फोटोत फेरफार सापडणार कोठून? उलट एखाद्या आजींचे अस्सल कार्ड, लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत असताना टिपलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांच्या हातून फिरत आलेले, संशयास्पद ठरू शकते. शिवाय या तपासणीचे उत्तर शक्यतेच्या रूपात येते. किती गुणांपुढे कार्ड स्वीकारायचे ही रेषा तपासणारी संस्थाच आखते आणि ती कडक केली की प्रामाणिक माणसेही अडकतात.

क्यूआरच्या पडताळणीला कार्ड कसे दिसते याच्याशी कर्तव्य नसते. सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, लहानसा फोटो आणि 2048 बिटांची सही असते. माहितीतले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही, आणि प्राधिकरणाची गुप्त किल्ली हाती असल्याशिवाय नवी सही करता येत नाही. म्हणून उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. कोड नीट वाचता आला, तर धूसर झेरॉक्सवरूनही तेच येते.

मात्र क्यूआर ‘उघडणे’ म्हणजे पडताळणे नव्हे, आणि माझ्या मते काउंटरवरची सर्वांत मोठी गल्लत हीच आहे. आधारवरच्या जुन्या क्यूआरमध्ये सही नसलेला साधा मजकूर असे, आणि तसा कोड कोणालाही बनवता येतो. नवा कोड साध्या स्कॅनरने वाचला तर आकड्यांची लांबलचक माळ दिसते, तेव्हा कार्डच खोटे असल्याचा समज होतो. सही तपासण्यासाठी प्राधिकरणाचे अ‍ॅप किंवा त्याची सार्वजनिक किल्ली (गुप्त किल्लीची, सर्वांना खुली असलेली जोडीदार) वापरणारी प्रणाली लागते.

सहीलाही मर्यादा आहेत. दुसऱ्याच्या खऱ्या कार्डावरचा क्यूआर उचलून बनावट कार्डावर छापला, तरी सही जुळतेच. म्हणून कोडमधले नाव आणि फोटो छापील मजकुराशी व समोरच्या चेहऱ्याशी ताडावे लागतात. शिवाय कोडमध्ये आधार क्रमांकाचे शेवटचे 4 अंकच असतात. आधीच्या 8 अंकांत कोणी बदल केला तर सहीला तो कळत नाही. बाराव्या अंकात व्हेरहॉफ पद्धतीची तपासणी असल्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर ते उघड होते. पण ती रीत जगजाहीर असल्याने मुद्दाम फसवणारा तिच्यात बसणारा क्रमांक सहज तयार करतो. अशा वेळी छापील अंकांचा टंक आणि त्यांच्या कडा बारकाईने पाहणारी छायाचित्राची तपासणीच उपयोगी पडते.

सहीने माहितीचा उगम कळतो, ताजेपणा नव्हे. पत्ता बदलल्यावरही जुन्या कार्डावरची सही जुळतच राहते. कोडच्या संदर्भ क्रमांकात तो तयार झाल्याची तारीख व वेळ असते, ती वाचली तरच माहिती किती जुनी आहे हे समजते.