जर्बिल अचानक दगावतो तेव्हा

आदल्या रात्रीपर्यंत बोगदे खणणारा आणि पुठ्ठा कुरतडणारा जर्बिल, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, सकाळी निपचित पडलेला आढळतो, तेव्हा पाळणाऱ्याच्या मनात दुःखाच्याही आधी स्वतःवरचा आरोप उभा राहतो: आपलेच काहीतरी चुकले. या आरोपाची उलटतपासणी करणे मला फार गरजेचे वाटते, कारण बहुतेक वेळा त्यामागे कोणताही पुरावा नसतो.

घरोघरी पाळला जाणारा जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनमधील कोरड्या गवताळ प्रदेशांतला. जिथे अशक्त दिसणाऱ्या प्राण्यावर शिकारी पक्ष्याची नजर आधी पडते, तिथे आजार लपवणारेच अधिक टिकून राहतात. त्यामुळे खाणे सोडण्याइतका किंवा पाठीला पोक येण्याइतका त्रास दिसू लागतो, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. त्यातच प्राण्याचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास, चयापचय अतिशय वेगवान आणि आयुष्य साधारण ३ ते ४ वर्षांचे, म्हणजे बिघाड सुरू होणे आणि मृत्यू येणे यांत काही तासांचेच अंतर असू शकते.

अशा मृत्यूची काही कारणे पशुवैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. माणसाच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक वर्तुळ असते आणि एका बाजूचा पुरवठा अडला तर दुसऱ्या बाजूने रक्त वळवता येते. जर्बिलांमध्ये बहुधा या वर्तुळाला मागच्या बाजूने जोडणाऱ्या वाहिन्याच नसतात, त्यामुळे एका बाजूचा पुरवठा अडला तर पर्यायी वाट उरत नाही, आणि म्हणूनच पक्षाघाताच्या संशोधनात या प्राण्याचा मोठा वापर झाला. पेशींच्या आत वाढणाऱ्या एका जिवाणूमुळे होणारा टिझर रोग तर जर्बिलांना विशेष घातक आहे. अर्नेस्ट टिझर यांनी १९१७ मध्ये तो प्रथम उंदरांत वर्णिला. त्यात यकृत, आतडे आणि कधी हृदयही ग्रासले जाते आणि लहान पिल्ले काहीही लक्षण न दाखवता दगावू शकतात. वाढत्या वयातल्या गाठी आणि मूत्रपिंडाचे विकार हीही कारणे असतात. घाबरल्यावर किंवा हाताळल्यावर अनेक जर्बिलांना येणारे झटके पाहणाऱ्याला भयंकर वाटतात, पण ते सहसा जीवघेणे नसतात.

तरीही मन ऐकत नाही. ‘काल तो जरा कमी खेळला होता, तेव्हाच कळायला हवे होते,’ असे वाटत राहते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना १८१४ च्या सुमाराच्या ब्रिटिश-गुरखा संघर्षासारख्या घटनांची वर्णने दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच अधिक संभाव्य वाटला. शेवट ठाऊक नसल्यासारखे उत्तर द्या असे सांगूनही त्यांना ते जमले नाही. पिंजऱ्यापुढे बसलेला माणूसही असाच शेवट जाणून मागचे दिवस वाचत असतो, आणि एरवी विसरली गेली असती अशी प्रत्येक बारीक गोष्ट त्याला इशारा भासते.

कारण खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर शवविच्छेदन हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी निर्णय लवकर घ्यावा लागतो. देह पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या थंड कप्प्यात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास स्फटिकांमुळे पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. इतके करूनही कधी कधी निश्चित उत्तर मिळत नाही, हे आधीच स्वीकारलेले बरे.

समाजाने पुरेशी दखल न घेतलेल्या दुःखाविषयी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली, आणि ‘उंदरासाठी काय रडायचे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ती लगेच पटेल. घरात मूल असेल तर ‘तो झोपला’ न म्हणता ‘तो मेला, आता त्याचे शरीर काम करत नाही’ असे सरळ सांगावे, म्हणजे मुलाला झोपेचीच भीती बसत नाही.

मागे जोडीदार जर्बिल उरला असेल, तर पहिले लक्ष त्याच्याकडे द्यावे. टिझर रोगाचे बीजाणू अंथरणात दीर्घकाळ टिकतात, म्हणून सगळे अंथरण बदलून, पिंजरा निर्जंतुक करून त्याला पशुवैद्याला दाखवावे. एकटेपणाच्या कळवळ्याने लगेच नवा सोबती आत सोडू नये. जर्बिल आपली हद्द जीव खाऊन राखतात आणि अनोळख्याशी मरेपर्यंत लढू शकतात, म्हणून आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवून, रोज जागांची अदलाबदल करून त्यांना एकमेकांच्या वासाची सवय करून द्यावी लागते.